राष्ट्रीय संकटात गव्हाचे आणि अन्नसुरक्षेचे काय होते, हे कसे तपासावे

एखाद्या देशात युद्ध पेटले, चलन कोसळले किंवा महापूर आला की दोन-चार दिवसांतच 'आता गव्हाचे उत्पादन घटणार' असे भाकीत ऐकू येऊ लागते. हे भाकीत पुष्कळदा खरे ठरते. मात्र जे कारण सांगितलेले असते त्या कारणाने आणि जी वेळ सांगितलेली असते त्या वेळी ते क्वचितच खरे ठरते. शेतातील गहू आणि घरातील पीठ यांच्या दरम्यान बियाणे, खत, इंधन, मजूर, कोठार, बंदर, बँक, गिरणी आणि अखेरीस गिऱ्हाइकाचा खिसा असे अनेक टप्पे असतात, आणि संकटाचा घाव यांपैकी नेमका कुठे बसतो यावर पुढचे सारे ठरते. विद्यार्थी, वार्ताहर, मदतकार्यातील कार्यकर्ते आणि धान्यबाजाराकडे लक्ष ठेवणारे वाचक यांना असा अंदाज स्वतः बांधता यावा म्हणून तपासाचा एक क्रम येथे मांडला आहे.

प्रारंभी एक प्रमाण ध्यानात ठेवावे. जगात दरवर्षी साधारण ७८ ते ८० कोटी टन गहू पिकतो आणि त्यातील सुमारे २० कोटी टन, म्हणजे चौथा हिस्सा, देशांच्या सीमा ओलांडतो. बाकीचा पिकतो त्याच देशात खाल्ला जातो, जनावरांना घातला जातो किंवा बियाण्यासाठी राखला जातो. त्यामुळे ज्या देशात संकट आले आहे तो गहू विकणारा आहे, विकत घेणारा आहे की आपले आपण भागवणारा आहे, हा पहिला प्रश्न होय. विकणाऱ्या देशाचे संकट इतरांच्या घरी पोहोचते, तर विकत घेणाऱ्या देशात पीक उत्तम आले तरी टंचाई होऊ शकते.

संकटाची तारीख पीक-दिनदर्शिकेवर ठेवून पाहावी

गव्हाचे दोन ढोबळ प्रकार आहेत. हिवाळी गहू शरद ऋतूत पेरतात, तो थंडीत जवळजवळ निश्चल राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात कापणीला येतो. वासंतिक गहू वसंतात पेरून त्याच वर्षी काढतात. उष्ण देशांत वासंतिक जातीच सौम्य हिवाळ्यात पेरल्या जातात आणि चार-पाच महिन्यांत घरी येतात. त्या देशात कोणता गहू कधी पेरला जातो, त्याला वरखत कधी लागते, ओंब्या कधी बाहेर पडतात, दाणे कधी भरतात आणि कापणी कधी होते, याची एक ओळ कागदावर काढावी आणि तिच्यावर संकटाच्या तारखेची खूण करावी. या एका कृतीने निम्म्या अफवा गळून पडतात, असा अनुभव आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा युक्रेनचा बहुतांश गहू आदल्या शरद ऋतूतच पेरला गेला होता. त्या दिवशी पीक जमिनीत होते आणि दोन-तीन आठवड्यांत त्याला नत्राची गरज लागणार होती. २०२१ मध्ये तेथे सुमारे ३.२ ते ३.३ कोटी टन गहू पिकला होता, तर २०२२ चे पीक २ कोटी टनांच्या आसपास आले. या घटीचा मोठा भाग व्याप्त प्रदेश, सुरुंग पेरलेली शेते आणि रणभूमीलगत उभे राहिलेले पीक यांचा होता. पण खरा दूरगामी आघात त्यानंतरचा आहे. बंदरे बंद पडल्याने आदल्या वर्षीचे धान्य कोठारांतच अडकले, ते विकले न गेल्याने शेतकऱ्याच्या हाती पैसा आला नाही, आणि म्हणून २०२२ च्या शरद ऋतूत हिवाळी गव्हाचा पेरा लक्षणीय घटला. म्हणजे फेब्रुवारीतील घटनेचा पेरणीवरील परिणाम मोजण्याची वेळ ऑक्टोबरात आली.

याच्या उलट उदाहरण भारतातील २०२० च्या टाळेबंदीचे आहे. २५ मार्चपासून देश बंद झाला, आणि पंजाब-हरियाणात गव्हाची कापणी अगदी तोंडावर होती. तारीख याहून वाईट असू शकली नसती. तरीही कंबाइन हार्वेस्टर आणि त्यांवरील कामगारांच्या हालचालीला सूट मिळाली, खरेदी सुमारे पंधरवडाभर उशिरा सुरू करून खरेदी केंद्रांची संख्या वाढवण्यात आली, शेतकऱ्यांना ठरावीक दिवसाचे टोकन देण्यात आले, आणि सरकारी खरेदी ३८९ लाख टनांपर्यंत गेली. तो तोवरचा उच्चांक होता. पिकलेला गहू उभा असेल, तर तो काढण्यासाठी लागणारी माणसे, यंत्रे आणि डिझेल मोकळी ठेवणे प्रशासनाच्या हातात असते. पेरणीच चुकली, तर मात्र कोणत्याही आदेशाने ती भरून निघत नाही.

निविष्ठा: खत, इंधन, पाणी आणि बियाणे

उत्पादनावरील परिणामाचा माग काढताना बहुतेक जण शेतातील नासधूस पाहतात. मी आधी खताकडे पाहण्याचा सल्ला देईन. साडेअकरा टक्के प्रथिने असलेल्या एक टन गव्हाच्या दाण्यात सुमारे २० किलो नत्र असते, आणि ते जमिनीतून किंवा खतातूनच यावे लागते. युरियासारखी नत्रखते अमोनियापासून बनतात आणि अमोनिया बहुतांशी नैसर्गिक वायूपासून. त्यामुळे वायूचे दर भडकले की खताचे कारखाने उत्पादन कमी करतात, जसे २०२१-२२ मध्ये युरोपात घडले. पालाशाच्या बाबतीत रशिया आणि बेलारूस हे जगातील मोठे पुरवठादार असल्याने त्यांच्यावरील निर्बंधांचा धक्का अनेक आयातदार देशांना बसला. येथे एक बारकावा सुटतो. स्फुरद आणि पालाश यांचा जमिनीत काही साठा असतो, त्यामुळे एखाद्या हंगामात त्यांची मात्रा कमी झाली तरी पीक बरेचदा तग धरते. नत्राचे तसे नसते. ते त्याच हंगामात कमी पडते आणि त्याच हंगामात दिसते. शिवाय नत्र उशिरा मिळाले तर टनांचा आकडा फारसा न घटताही दाण्यातील प्रथिने घटतात, पीठ पावासाठी कमकुवत ठरते आणि गिरणीला चांगला गहू बाहेरून आणून मिसळावा लागतो. म्हणून उत्पादनाच्या आकड्याजवळ प्रथिनांचा आकडा मिळत असेल तर तो अवश्य नोंदवावा.

श्रीलंकेत २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली गेली आणि त्याच वर्षाअखेर ती मागे घ्यावी लागली. त्या देशात गहू पिकत नाही. फटका भाताला बसला. तरीही गव्हाचा अभ्यास करणाऱ्याने हे उदाहरण पाहावे, कारण भात घटल्याने आयातीची गरज वाढली आणि नेमके त्याच सुमारास परकीय चलन संपत आले. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जफेड थांबवली. गव्हाचे पीठ पूर्णपणे आयात गव्हावर अवलंबून असलेल्या देशात दुसऱ्या पिकाचे संकटही पिठापर्यंत येते, ते असे.

इंधन आणि वीज यांचा विचार एकत्र करावा. सिंचनाखालील गव्हाला पाण्याच्या ठरावीक पाळ्या लागतात. त्यांतही पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी दिलेले पाणी सर्वांत मोलाचे. पंप डिझेलवर असेल आणि डिझेल काळ्या बाजारात गेले असेल, किंवा पंप विजेवर असेल आणि भारनियमन बेभरवशाचे असेल, तर शेतकरी पाळी लांबवतो. शेत हिरवे दिसते, पण फुटवे कमी येतात. उपग्रहाच्या चित्रात पेरलेले क्षेत्र नेहमीइतके दिसूनही कापणीला माल कमी येतो तो बऱ्याचदा यामुळे.

बियाण्याचा प्रश्न सावकाश उद्भवतो आणि सर्वांत उशिरा सुटतो. सीरियात यादवीपूर्वी सरासरी ४० लाख टनांच्या आसपास गहू पिकत असे. २०२१ मध्ये दुष्काळ आणि दशकभराच्या संघर्षानंतर तो सुमारे साडेदहा लाख टनांवर आला. त्याच देशात अलेप्पोजवळील तल हद्या येथे इकार्डा या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेची बीजपेढी होती, आणि तेथे गहू, जव व कडधान्यांच्या हजारो वाणांचे नमुने जतन केलेले होते. लढाई जवळ आल्यावर संस्थेला तेथून मुख्यालय हलवावे लागले. सुदैवाने बहुतांश नमुन्यांच्या प्रती नॉर्वेतील स्वालबार्ड येथील जागतिक बीजकोठारात आधीच पाठवल्या होत्या. २०१५ मध्ये त्या कोठारातून पहिल्यांदाच बियाणे परत काढले गेले ते याच संस्थेसाठी, आणि लेबनॉन व मोरोक्को येथे ते वाढवून काही वर्षांत नव्या प्रती पुन्हा स्वालबार्डला पोहोचवण्यात आल्या. स्थानिक पातळीवर असे कोठार कोणासाठी नसते. शेतकऱ्याने उपासमारीत बियाण्याचा गहू दळून खाल्ला, तर पुढच्या हंगामात तो जे मिळेल ते पेरतो, आणि जे मिळते ते तांबेरा या बुरशीजन्य रोगाला बळी पडणारे आहे की नाही हे सांगणारी सर्वेक्षण यंत्रणाही त्याच काळात मोडकळीला आलेली असते.

उत्पादनाचा आकडा वाचण्याची रीत

आता आकडा हाती घ्यावा, पण तो विक्रीयोग्य गव्हाच्या आकड्यात रूपांतरित केल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. रीत समजावी म्हणून एक काल्पनिक देश घेऊ. तेथे ८ लाख हेक्टरांवर गहू आहे आणि २४ लाख टन पिकतो. हेक्टरी सव्वा क्विंटल बियाणे धरले तर १ लाख टन पुढच्या पेरणीसाठी राखावा लागतो. शेतकरी कुटुंबे स्वतःच्या खाण्यासाठी ८ लाख टन ठेवतात आणि साधारण १ लाख टन उंदीर, कीड व ओल यांत जातो. बाजारात येतात १४ लाख टन. पीक एक चतुर्थांशाने घटून १८ लाख टन झाले असे समजा. बियाणे तेवढेच लागते, घरची तोंडे तेवढीच असतात आणि नासाडीही फारशी कमी होत नाही. म्हणजे बाजारात ८ लाख टनच येतात. उत्पादन २५ टक्क्यांनी घटले आणि बाजारातील आवक सुमारे ४३ टक्क्यांनी. शहरातील माणूस आणि सरकारी गोदाम या दोघांना दुसऱ्या आकड्याशी कर्तव्य असते. संकटकाळात तर शेतकरी भविष्याच्या धास्तीने नेहमीपेक्षा अधिक गहू घरी ठेवतो, त्यामुळे आवक याहूनही खाली जाते.

भारतात २०२२ मध्ये याची दुसरी बाजू दिसली. त्या वर्षीचा मार्च महिना नोंदी सुरू झाल्यापासूनच्या १२२ वर्षांतील सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि दाणे भरण्याच्या ऐन वेळी वायव्येकडील गहू भाजून निघाला. सरकारी अंदाजातील घट काही टक्क्यांचीच होती. परंतु युक्रेन युद्धामुळे बाजारभाव हमीभावाच्या वर गेले, शेतकऱ्यांनी माल व्यापाऱ्यांना विकला किंवा रोखून धरला, आणि सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून सुमारे १८८ लाख टनांवर आली. १३ मे रोजी निर्यातबंदी जाहीर झाली आणि काही राज्यांतील रेशनवर गव्हाऐवजी तांदूळ वाढवण्यात आला. उत्पादनाच्या आकड्यावरून यातले काहीच ओळखता आले नसते.

साठ्याच्या आकड्याबाबतही सावध राहावे. 'जगात गव्हाचा मुबलक साठा आहे' असे विधान वाचल्यास त्यातून चीनचा साठा वजा करावा. जगाच्या गहूसाठ्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या चीनकडे असतो आणि तो निर्यातीस येत नाही. 'देशात चार महिन्यांचा साठा आहे' या मंत्र्यांच्या विधानासंबंधी तीन प्रश्न विचारावेत: यात समुद्रावर असलेली जहाजे धरली आहेत का, करार झालेला पण पैसे न दिलेला माल धरला आहे का, आणि महिन्याची गरज रेशनपुरती मोजली आहे की सगळ्या देशाची. बहुतेक वेळा निदान एका प्रश्नाचे उत्तर गैरसोयीचे निघते.

कोठारे आणि बंदरे

वरच्याच काल्पनिक देशाला वर्षाला एकूण ६० लाख टन गहू लागतो असे धरल्यास ३६ लाख टन आयात करावा लागेल, म्हणजे महिन्याला ३ लाख टन, म्हणजे ५० हजार टनांची सहा जहाजे. हिशोब जहाजांत मांडला की संकटाचे स्वरूप चटकन स्पष्ट होते. महिन्यात दोन जहाजे आली नाहीत, तर बाजारातील जवळपास चौथा हिस्सा गहू नाहीसा होतो.

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरात झालेल्या स्फोटात तेथील धान्यकोठारे उद्ध्वस्त झाली. त्यांची क्षमता सुमारे १ लाख २० हजार टन होती. त्या दिवशी आत साधारण १५ हजार टन धान्य होते. गेलेले धान्य थोडे होते, पण देशाची साठवण्याची सोयच गेली, आणि त्यानंतर प्रत्येक जहाज वेळेवर येऊन थेट गिरण्यांकडे रिकामे होणे भाग पडले. असा देश पुढे भाववाढ आणि चलनघसरण यांच्यापुढे पूर्वीपेक्षा कितीतरी उघडा पडतो.

येमेनमधील होदेदाच्या रेड सी गिरण्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे जागतिक अन्न कार्यक्रमाचा ५१ हजार टन गहू होता, ३७ लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढा. लढाईच्या रेषेमुळे सप्टेंबर २०१८ पासून पुढचे पाच महिने तेथे कोणालाही जाता आले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पथक पोहोचले तेव्हा गव्हाला कीड लागली होती आणि धुरी दिल्याशिवाय तो दळता येणार नव्हता. कागदोपत्री हा साठा त्या सगळ्या काळात 'देशात उपलब्ध' होता. म्हणून साठ्याच्या प्रत्येक आकड्यापुढे तो कोणाच्या ताब्यात आहे, तेथवर रस्ता आहे का आणि धान्यातील ओल किती आहे, हे लिहिण्याची सवय ठेवावी.

युक्रेनच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रे आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने २२ जुलै २०२२ रोजी काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार झाला आणि १७ जुलै २०२३ रोजी रशिया त्यातून बाहेर पडेपर्यंत जवळपास ३.३ कोटी टन धान्य व इतर कृषिमाल बाहेर गेला. अशा करारांच्या काळात जहाजांच्या विम्याचे दर पाहत राहावेत. राजनैतिक निवेदनांपेक्षा ते आधी हलतात.

पैसा कुठे अडतो ते शोधावे

आयातदार देशातील गव्हाचे संकट पुष्कळदा बँकेत सुरू होते. व्यापारी परदेशातून गहू मागवतो तेव्हा त्याच्या बँकेने लेटर ऑफ क्रेडिट उघडावे लागते, म्हणजे माल पोहोचल्याची कागदपत्रे मिळाल्यावर पैसे देण्याची हमी द्यावी लागते. बँकेकडे डॉलर नसतील तर ही हमी मिळत नाही, किंवा मिळाली तरी परदेशी विक्रेता ती मानत नाही. मग जहाज बंदराबाहेर नांगर टाकून थांबते आणि प्रत्येक दिवसाचा खोळंबाआकार गव्हाच्या किमतीत मिळत जातो. २०२२ मध्ये इजिप्तमध्ये डॉलरच्या टंचाईमुळे खासगी गिरण्यांचा काही लाख टन गहू बंदरांत असाच अडकला होता. गहू देशात पोहोचला होता, गिरण्या होत्या, गिऱ्हाईकही होते; नव्हते ते फक्त डॉलर.

अफगाणिस्तानात लोकांना मिळणाऱ्या उष्मांकांतील निम्म्याहून अधिक वाटा गव्हाचा आहे. ऑगस्ट २०२१ मधील सत्तांतरानंतर देशाची सुमारे ९ अब्ज डॉलरची परदेशी गंगाजळी गोठवली गेली, बँकांतून पैसे काढण्यावर मर्यादा आल्या आणि पगार थांबले. त्याच वर्षी दुष्काळाने पीकही घटले होते. पण बाजारात पीठ असताना लोक ते घेऊ शकत नव्हते, ही परिस्थिती दुष्काळाने निर्माण केलेली नव्हती. पुढे एप्रिल २०२२ मध्ये पिठाचा मोठा पुरवठादार असलेल्या कझाकस्ताननेही गहू आणि पिठाच्या निर्यातीवर मर्यादा घातल्या. अशा वेळी तपास करणाऱ्याने चार आकडे दर आठवड्याला टिपावेत: अधिकृत आणि खुल्या बाजारातील विनिमय दर, घाऊक गव्हाचा दर, किरकोळ पिठाचा दर, आणि एका दिवसाच्या मजुरीत किती किलो पीठ येते. चौथा आकडा काढणे सर्वांत सोपे आहे आणि तोच बहुतेक अहवालांत आढळत नाही.

सरकार काय करते

संकटात सरकारे ठरावीक हत्यारे उपसतात, आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळ्या माणसावर होतो. निर्यातबंदी हे सर्वांत वेगवान हत्यार होय. २०१० च्या उन्हाळ्यातील उष्णतेची लाट, दुष्काळ आणि वणवे यांमुळे रशियाचा गहू आदल्या वर्षीच्या सुमारे ६.२ कोटी टनांवरून ४.१५ कोटी टनांवर आला, आणि १५ ऑगस्टपासून निर्यात बंद झाली. ती पुढच्या वर्षीच्या १ जुलैला खुली झाली. देशांतर्गत ग्राहकाला यातून थोडाफार दिलासा मिळतो, पण त्याची किंमत देशातील शेतकरी कमी भावाच्या रूपाने आणि परदेशातील गरीब आयातदार चढ्या भावाच्या रूपाने चुकवतात. माझ्या मते, एका देशाच्या बंदीपेक्षा तिची लागण अधिक घातक असते. एकाने बंदी घातली की दुसरा घाबरून घालतो, आणि प्रत्यक्ष तुटीपेक्षा भाव कितीतरी अधिक चढतात. २००७-०८ मध्ये हेच झाले, आणि पुढे २०११ मध्ये जी-२० देशांनी साठे व पिकांची माहिती खुली ठेवणारी अमिस ही यंत्रणा उभारली तिच्यामागे हाच अनुभव होता. तिचे मासिक अहवाल कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

पावाचा दर बांधून ठेवणे हे दुसरे हत्यार. इजिप्तमध्ये जानेवारी १९७७ मध्ये अनुदान कमी करताच दंगली उसळल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर अनुदानित पावाचा ५ पियास्टर (पियास्टर म्हणजे इजिप्शियन पौंडाचा शंभरावा भाग) हा दर तीन दशकांहून अधिक काळ कायम राहून १ जून २०२४ रोजी तो २० पियास्टर झाला. इतका काळ दर बांधलेला असला की संकटाचा परिणाम दरात दिसत नाही. तो पावाच्या वजनात, पिठाच्या प्रतीत, रांगेच्या लांबीत आणि अर्थसंकल्पातील तुटीत दिसतो. तपास तिकडे वळवावा.

तिसरे हत्यार फारसे चर्चेत येत नाही: पिठाचा उतारा वाढवणे. शंभर किलो गव्हातून पांढरे पीठ काढल्यास साधारण ७२ ते ७५ किलो मिळते आणि बाकीचा कोंडा होतो. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये ८५ टक्के उताऱ्याच्या पिठाचा सरकारी पाव सुरू केला, आणि तेवढ्याच गव्हातून अधिक पाव निघाल्याने जहाजांतील जागा वाचली. लोकांना तो करडा पाव आवडला नाही, पण युद्धाच्या संपूर्ण काळात पावावर रेशन लागले नाही. ते लागले युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये, जगभर गव्हाची तूट असताना, आणि दोन वर्षे चालले. संकट संपल्याची घोषणा आणि अन्नटंचाईचा शेवट यांच्यात असे अंतर पडते. उतारा वाढला की कोंडा कमी निघतो आणि पशुखाद्य महागते, हेही हिशोबात धरावे.

अन्नसुरक्षेचा निष्कर्ष घराच्या पातळीवर काढावा

अन्नसुरक्षेचे चार पैलू मानले जातात: अन्नाची उपलब्धता, ते मिळवण्याची ऐपत, शरीराला त्याचा उपयोग होणे, आणि या तिन्हींतील स्थैर्य. आतापर्यंतचा बहुतेक तपास पहिल्या पैलूचा होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की अन्नाचा एकूण साठा कोसळलेला नसतानाही क्रयशक्ती गमावलेले लोक उपाशी मरू शकतात. त्यामुळे 'देशात गहू किती' यानंतर 'कोणाच्या घरी किती' हा प्रश्न आलाच पाहिजे.

त्याआधी त्या लोकांचे मुख्य अन्न गहू आहे का, याची खातरजमा करावी. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या युद्धाने गझिरा या विशाल सिंचन प्रकल्पावरील गव्हाला मोठा फटका दिला. पण गहू हे तेथे मुख्यतः शहरी अन्न आहे, ग्रामीण भाग ज्वारी-बाजरीवर जगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरमधील झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ (येथे अवर्षण नव्हे, व्यापक उपासमार) असल्याचे निश्चित झाले, त्याचे कारण केवळ गव्हाच्या आकड्यांत शोधणारा अभ्यासक पूर्णपणे चुकेल.

उपासमारीची तीव्रता सांगण्यासाठी आयपीसी ही पाच टप्प्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरतात. पाचव्या टप्प्यातील दुष्काळ ठरवण्यासाठी निदान २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची वाण असणे, किमान ३० टक्के मुलांत तीव्र कुपोषण असणे आणि दर दहा हजारांमागे दिवसाला किमान दोन मृत्यू होणे, असे निकष आहेत. हा शब्द मथळ्यात वापरण्यापूर्वी निकष पाहावेत. उलटपक्षी, तिसरा टप्पा 'फक्त तिसरा' म्हणून सोडूनही देऊ नये. जनावरे, अवजारे आणि बियाणे विकून पोट भरण्याची वेळ याच टप्प्यात येते, आणि पुढच्या वर्षीचे उत्पादन तेव्हाच घटत असते.

तपास किती काळ चालू ठेवावा

संकटानंतर किमान दोन पूर्ण हंगाम. २०२२ च्या पावसाळ्यातील महापुराने पाकिस्तानात, विशेषतः सिंधमध्ये, शेतांत महिनोन्‌महिने पाणी साचून राहिले आणि नोव्हेंबरातील गव्हाच्या पेरणीविषयी साधार भीती व्यक्त झाली. प्रत्यक्षात २०२३ चे राष्ट्रीय पीक चांगले आले. तथापि टंचाईची धास्ती आणि पिठाचे चढे दर कायम राहिले, आणि २०२३-२४ मध्ये खासगी व्यापाऱ्यांमार्फत सुमारे ३५ लाख टन गहू आयात झाला. २०२४ च्या वसंतात विक्रमी पीक बाजारात आले तेव्हा गोदामे आधीच भरलेली होती, पंजाब प्रांताच्या सरकारने नेहमीची खरेदी टाळली, भाव जाहीर आधारभूत किमतीच्या बराच खाली गेला आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यानंतरच्या हंगामात पेरा आणि उत्पादन दोन्ही घटले. पुराने न केलेले नुकसान पुराच्या धास्तीतून घेतलेल्या निर्णयाने तीन वर्षांनी केले.

म्हणून आपल्या टिपणावर तारीख घालावी आणि ते चार वेळा पुन्हा उघडावे: पुढची पेरणी संपल्यावर, वरखताच्या वेळी, कापणीनंतर महिनाभराने, आणि त्यानंतरच्या पेरणीला. प्रत्येक वेळी पेरलेले क्षेत्र, नत्रखताची विक्री, बाजारातील आवक आणि दिवसाच्या मजुरीत येणारे पीठ हे चार आकडे बदलून घ्यावेत आणि आधीचे खोडू नयेत.